मडक्यातलं मत

प्रयागबाईचा आवाज ज्यानं ऐकला नाही, असं गिऱ्हाईक त्या काळी कारंज्याच्या भाजीबाजारात सापडणं कठीण होतं. "सांबार घ्या, सांबार! पहाटचा हाय, दव पाहा अजून!" ती ओरडली की पलीकडच्या वांगेवालीशी घासाघीस करणारा माणूसही मान वळवायचा. सांबार म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडात तिला दुसरं नाव नाही. कुणी जुडी उलटीपालटी करून चिकित्सा करायला लागला की प्रयागबाई म्हणायची, "भाऊ, लगन लावाचं हाय का तिच्यासंग? घे नाही त ठेव."

आणि हीच प्रयागबाई महिन्यातून एकदा गावच्या ग्रामपंचायतीत जायची, ती खांबामागे बसायची. पदर नाकापर्यंत ओढलेला, नजर जमिनीवर, तोंडातून चकार शब्द नाही. कुणाला वाटावं, ही मुकी आहे.

कारण काय, तर सरपंच दौलतराव तिचा सख्खा भासरा. नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यासमोर सुनेनं उभं राहायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. घरात निरोप द्यायचा असला तर भिंतीकडे तोंड करून द्यायचा: "जेवाले वाढलं हाय म्हनावं." भिंतीनं ऐकलं की भासरे ताटावर येत. अनसिंगच्या मोकळ्या मळ्यात वाढलेल्या, वडलांशी तोंडाला तोंड देणाऱ्या पोरीला हे शिकायला लग्नानंतर पहिलं एक वर्ष लागलं. पण ती शिकली. इतकी पक्की शिकली, की पंधरा वर्षांत भासऱ्याला तिचा चेहरा नीट दिसला नव्हता.

पंचायतीत मत घ्यायची रीत होती हात वर करायची. दौलतराव म्हणायचे, "ज्याईले पटलं त्याईनं हात वर करा." पाच पुरुष पंच आपापल्या मताप्रमाणे हात वर करायचे किंवा मांडीवर ठेवायचे. मग दौलतराव खांबाकडे न बघताच म्हणायचे, "आन बाया आपल्यासंगच." ग्रामसेवक तसं लिहायचा. बायका पंचायतीत घ्यायला हव्यात असं वरून आलं म्हणून दोघींची नावं घातलेली होती. घातली, इथपर्यंत ठीक. पण त्यांचं मत काढायचं कसं याचा विचार वरच्यांनीही केला नव्हता आणि खालच्यांनीही. भासऱ्यापुढे हात उगारायचा? बांगड्या किणकिणल्या तरी गावात बोभाटा झाला असता.

दौलतराव लबाड माणूस नव्हता. कुणाचं बुडवलं नाही, कुणाला नाडलं नाही. बाया गप्प आहेत म्हणजे राजी आहेत, असं तो मनापासून मानत होता, आणि हेच अवघड होतं. लबाडाशी भांडता येतं. जो आपल्याच चांगुलपणावर निश्चिंत बसला आहे त्याच्याशी काय भांडणार?

दुसरी बाई पंच भागिरथा, बौद्धपुऱ्यातली. तिचं कुणी नातेवाईक पंचायतीत नव्हतं. भिवाजी पंच होता, पण तो नुसता आळीतला, मानलेला भाऊ. तेव्हा तिला हात वर करायला काय झालं? तिला उदयसिंग झाला होता. उदयसिंग पंच होता आणि भागिरथा वर्षातले आठ महिने त्याच्याच वावरात निंदायला, वेचायला जायची.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर, या दोघींच्या हातांवर एकदम सगळं येऊन ठेपलं.

बहात्तरच्या दुष्काळात गावाशेजारून एक रस्ता झाला होता. झाला म्हणजे गावच्या बायांनी केला. उन्हात बसून गिट्टी फोडली त्यांनी. प्रयागबाईनं फोडली, भागिरथेनं फोडली. आता त्या रस्त्यानं इंझोरीकडून कारंज्याला एस.टी. सुरू होणार होती. गावाला एकच थांबा मिळणार होता, आणि तो कुठे हवा त्याचा ठराव पंचायतीनं करून द्यायचा होता.

जागा दोन होत्या. एक गावाच्या वरच्या अंगाचा फाटा. तिथे चंपतचं चहाचं हॉटेल होतं आणि मागे उदयसिंगची जागा. चंपतही पंच. दुसरी जागा खालचा तिठा, मळ्यांच्या आणि बौद्धपुऱ्याच्या तोंडाशी. मळ्यातून फाट्यावर जायचं तर डोक्यावर टोपलं घेऊन नाला ओलांडायचा आणि आख्खं गाव चढून जायचं. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की संपलं. बस काय कुणाच्या सांबारासाठी थांबते?

प्रयागबाईचा नवरा माणिकराव शांत माणूस. एका सकाळी वाफ्यात पाणी सोडता सोडता तो म्हणाला, "थांबा फाट्यावर गेला त मी भाजी बंद करतो. कपाशी लावतो सरळ. रोज रोज माल नाल्यात भिजवाचा, हे माह्याच्यानं होत नाही आता."

"अन मी काय करू?"

"तू? तू घरी राह्य."

तो रागानं बोलला नव्हता. बायकोचे पाय दुखतात हे त्याला दिसत होतं. पण प्रयागबाईनं मनात हिशेब केला. भाजी गेली की कारंज्याचा बाजार गेला. बाजार गेला की उरलं काय? खांब आणि भिंत. आठवड्यातले तीन दिवस ती ज्या आवाजात बोलत होती तो आवाज वापरायला गावात दुसरी जागाच नव्हती.

त्याच दिवशी भागिरथा मेथी खुडायला मळ्यात आली. दोघी वाफ्याच्या दोन बाजूंना बसल्या.

"परवा सभा हाय," प्रयागबाई म्हणाली. "तुले थांबा कुठं पायजे?"

"मले? माह्या पोरी कारंज्याले शिकाले जातीन म्हनून मी दुष्काळात गिट्टी फोडली, आन तू इचारतं कुठं पायजे!"

"मंग हात वर कर ना सभेत."

"केला त दुसऱ्या दिवशी उदयसिंगच्या वावरात मले काम नाही. तू कर."

"मी केला त मले घरात चूल नाही."

दोघी हसल्या. मग प्रयागबाई म्हणाली, "देवानं मंग आपल्याले हात देल्ले कायले वो?"

"तुह्या देवाचं तू पाहा. मले त माह्या मायनं देल्ले."

प्रयागबाई हातातली मेथी टाकून विचारात पडली. पेरणीच्या वेळी तिफणीमागे सरतं धरून चालायचं काम बाईचं. सरतं म्हणजे बांबूची नळी. मुठीतलं बी त्यात सोडत चालायचं, अंगठ्यानं सरकवत. पेरलेली ओळ ज्वारीची आहे की तुरीची, ते बी उगवेपर्यंत पाहणाऱ्याला कळत नाही. मूठ झाकलेली असते.

"भागिरथे," ती म्हणाली, "मूठ वर करता येत नाही. पन मूठ खाली त करता येते."

"म्हंजे?"

"म्हंजे परवा मी भिंतीशी बोलन. तू फक्त 'हो' म्हन."

सभेच्या दिवशी पंचायतीच्या खोलीत नेहमीपेक्षा गर्दी होती. पंच सतरंजीवर, बाकी गाव दारात आणि खिडक्यांत. सातवा पंच जानबा, म्हणजे म्हातारा जानराव, भिंतीला टेकून बसला होता. ज्यानं शेवटचा चहा पाजला त्याच्या बाजूनं जानबा मत देतो अशी त्याची ख्याती होती. म्हणून चंपतनं त्याला सकाळपासून तीनदा पाजला होता.

ग्रामसेवकानं विषय वाचला. दौलतराव म्हणाले, "फाटा जुना हाय. गाडीवाट तिथूनच जाते. हाटेल हाय, सावली हाय. आता ज्याईले फाटा पटला त्याईनं..."

"भिवाजीभाऊ," खांबामागून आवाज आला. "त्याईले सांगा म्हनावं, जरा थांबा."

खांब बोलला असता तरी लोक इतके दचकले नसते.

भिवाजी गोंधळला. "काय सांगू, बाई?"

"सांगा, का हात वर करून मत घेऊ नोका. झाकल्या मुठीनं घ्या. एक मडकं ठेवा. ज्यानं त्यानं जाऊन त्यात आपला दाणा टाकावा. कोनी कोनाचं पाहू नाई."

"माह्यंही हेच म्हननं हाय," भागिरथा म्हणाली. "हो म्हना."

दौलतरावांचा चेहरा तांबडा झाला. तेही भिवाजीलाच म्हणाले, कारण धाकट्या भावजयीशी थेट बोलणं त्यांनाही मना होतं. "त्याईले सांग, भिवाजी, का माह्या आज्यापासून या गावात हात वर करून निवाडा होते. माणूस समोर बसते, हात वर करते, उद्या कोनी इचारलं त सांगते का हो बाप्पा, मीच म्हटलं होतं. लपून मत देनारा पंच कायचा? त्याले त भुरटा म्हंत्यात."

हे म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. आपल्या शब्दाला समोरासमोर बांधील असावं, हे कुणाला नको आहे? दारातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. चंपत म्हणाला, "वा सरपंच! लाखाचं बोलले."

खांबामागून उत्तर आलं, आणि या वेळी त्यात कारंज्याच्या बाजाराचा थोडा खडा सूर होता. "भिवाजीभाऊ, इचारा त्याईले, मोठी निवडनूक येते तवा पडद्यामांगं जाऊन शिक्का कोन मारते? घडी करून पेटीत कोन टाकते? तवा सरपंच भुरटे असतात का?"

खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं.

"ते येगळं," दौलतराव म्हणाले.

"काहून येगळं? दिल्लीले मानूस पाठवाचा त पडदा लागते, अन बस थांबवाची त नाही लागत? दिल्ली त लय दूर हाय. इथं त हात वर केला का मालक समोर, भासरे समोर. पडदा जास्त इथंच लागते! ज्याच्या हातावर कोनाचा दाब नाही त्यानं खुशाल वर करावा, अन वरून ओरडून सांगावं. पन ज्याच्या हातावर दाब हाय त्याचा हात तुमी मोजता कसा? दोन वर्सं झाले, आमचे हात आमी उचललेच नाही, अन तुमी मोजून राह्यले."

आता कुणी हसलं नाही. दौलतरावांनी पहिल्यांदा खांबाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण रागाखाली दुसरंही काही होतं. दोन वर्षांत आपण काय मोजलं, हा प्रश्न त्यांना खरोखरच कधी पडला नव्हता.

ग्रामसेवकानं घसा साफ केला. मत घ्यायचं एवढं ठरलेलं आहे, ते कसं घ्यायचं ते सभेनं ठरवायला आपली हरकत नाही, असं तो चाचरत म्हणाला. सभेला म्हणजे दारातल्या आणि खिडकीतल्या गावालाही आता मजा पाहायची होती. "होऊन जाऊ द्या!" असा गलका झाला.

"होऊन जाऊ द्या," चंपतही हसत म्हणाला. तीन चहांचा त्याला भरवसा होता. "दाणे मी देतो. माह्या हाटेलातून!" आणि त्यानं खरंच परातीत फुटाणे आणि शेंगदाणे आणवले. थट्टाच होती ती. फुटाणा म्हणजे फाटा, शेंगदाणा म्हणजे तिठा. प्रत्येकाला एक फुटाणा आणि एक शेंगदाणा. आतल्या अंधाऱ्या खोलीत दोन मडकी: मताचा दाणा पहिल्यात टाकायचा, उरलेला दुसऱ्यात.

पंच एकेक करून आत गेले आणि बाहेर आले. प्रयागबाई पदर सावरत गेली, आली. जानबा सगळ्यात शेवटी गेला आणि सगळ्यात जास्त वेळ आत राहिला.

ग्रामसेवकानं पहिलं मडकं सतरंजीवर पालथं केलं. तीन फुटाणे, तीन शेंगदाणे. मडकं हलवून पाहिलं, आत बोट फिरवून पाहिलं. सातवा दाणा नाही. दुसरं मडकं पालथं केलं. तिथेही सहाच.

सगळ्यांचे डोळे जानबाकडे वळले. जानबाचा जबडा हलत होता.

"जानबा!" भिवाजी ओरडला. "काय खाऊन राह्यले?"

जानबानं गिळलं. "अरे, दोन दाने मुठीत होते," तो ओशाळून म्हणाला. "सकाळपासून नुसता चहा. पोटात आग पडली होती. हाताले कळलंच नाही बाप्पा, तोंडात कवा गेले ते."

मग जो हशा उठला तो नाल्यापलीकडे ऐकू गेला असेल. मतं देताना माणसं घाबरतात, विकली जातात, हे गावानं पाहिलं होतं. पण मत खाऊन टाकणारा पंच पहिल्यांदाच पाहिला.

हसू ओसरलं तसा चंपत सावरला. "तीन आन तीन. बरोबरीत सुटलं. आता सरपंचाचं मत वरचं. बोला सरपंच, फाटा!"

दौलतरावांनी तोंड उघडलं.

"सरपंच!"

प्रयागबाई उभी राहिली होती. खांबाच्या मागे नाही, खांबाच्या पुढे. पदर डोक्यावर होता, पण कपाळाच्या वर. आणि ती भिवाजीशी बोलत नव्हती, भिंतीशी बोलत नव्हती.

भासऱ्याशी बोलायचं नाही, हे पंधरा वर्षं तिच्या हाडात मुरलं होतं. पण सरपंचाशी बोलू नये असं तिला कुणी, कधी सांगितलं होतं? आईनं नाही, सासूनं नाही. त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं की अशी वेळ येईल.

"सरपंच," ती पुन्हा म्हणाली, "सातव्या पंचाचं मत अजून झालं नाही. तो दाना पोटात गेला, मत अजून बाहेरच हाय. एका पंचाचं मत राह्यलं असता तुमचं दुसऱ्यांदा मोजाचं, हे तुमच्या आज्याच्या रीतीत त बसते का?"

दौलतराव तिच्याकडे बघत राहिले. पंधरा वर्षं जी घरात वावरली तिचे डोळे असे आहेत, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"नाही बसत," दौलतराव म्हणाले.

"अहो सरपंच..." चंपत मध्ये बोलला.

"चूप राह्य, चंपत. तुह्या खाऊच्या दाण्यानं घोळ केला. न्याय कराचा त बियाण्याच्या दाण्यानं करू." त्यांनी आपल्या घरून पेरणीचं राखलेलं बी आणवलं, तूर आणि ज्वारी. "ज्वारी म्हंजे फाटा, तूर म्हंजे तिठा. आन जानबा, तोंड पुसून जा. कच्ची तूर चावली त दात जाईल, राह्यला हाय तेवढा."

पुन्हा सात जण आत गेले. या वेळी थट्टा नव्हती. उदयसिंगसुद्धा मूठ झाकून गेला. प्रयागबाईनं अंगठ्यानं दाणा सरकवला, जसा ती सरत्यात सरकवायची, आणि मडक्याच्या तळाशी तो वाजला.

ग्रामसेवकानं मडकं पालथं केलं. त्यानं मोजायच्या आधीच दारातल्या लोकांनी मोजलं.

पाच तुरी. दोन ज्वाऱ्या.

पाच! भागिरथेनं दोन्ही हात तोंडावर धरले. भिवाजी सतरंजीवर उडीच मारायचा बाकी राहिला. बौद्धपुऱ्यातली पोरं खिडकीतून शिट्ट्या मारायला लागली, आणि दारातले म्हातारे, मघाशी माना डोलावणारे, तेही हसत होते, कारण गावाला कधी न उकलणारं गुपित मिळालं होतं. पाचवी तूर कुणाची? आधीची तीन मतं कुणाची याचा अंदाज सगळ्यांना होता. चौथं जानबाचं असेल. मग पाचवं? फाट्याच्या बाजूच्या तिघांतलाच एकजण आतून तिठ्याचा निघाला होता. उदयसिंग? त्याच्या म्हाताऱ्या आईला फाट्याचा चढ चढवत नव्हता खरा. चंपत? शक्यच नाही, पण तिठ्यावर दुसरं हॉटेल टाकायचा विचार त्याच्याही मनात येऊन गेला असेल, कोण जाणे. दौलतराव?

लोकांनी वर्षानुवर्षं तर्क केले. ज्यानं त्यानं आपापला माणूस ठरवून टाकला. कुणालाच कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणूनच त्या मडक्याचा गावात दरारा बसला. भागिरथा दुसऱ्या दिवशी उदयसिंगच्या वावरात गेली. उदयसिंगनं तिला काम दिलं. द्यावंच लागलं, अंदाज कितीही असला तरी पाचांतली एक तूर तिचीच होती, असं तो कशावरून म्हणणार?

पुढच्या सभेत कुणी बोलायच्या आधी दौलतराव म्हणाले, "मडकं आना." आज्याची रीत गेली म्हणून त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. वर, परगावच्या पाहुण्यांना ते ऐटीत सांगायचे, "आमच्या गावात मत झाकलेलं असते. दिल्लीसारखं." आणि प्रयागबाईला ते सभेत "बाई, तुमचं काय म्हननं?" असं थेट विचारायला लागले. घरात मात्र ती अजूनही भिंतीशीच बोलायची. ते जायला आणखी काही वर्षं लागली.

एस.टी. सुरू झाली त्या सकाळी तिठ्यावर सगळे जमले होते. प्रयागबाईच्या डोक्यावर सांबाराचं टोपलं, माणिकरावाच्या हातात वांग्यांची पाटी, भागिरथेच्या दोन पोरी तेल लावून चापून बसवलेल्या वेण्यांसह. कुणी अगरबत्ती लावली होती, कुणी नारळ आणला होता.

लाल गाडी वळणावरून आली, धुरळा उडवत आली, आणि न थांबता पुढे निघून गेली. ठराव ड्रायव्हरपर्यंत पोचलाच नव्हता; त्याला गावाचा जुना फाटाच माहीत होता.

मग प्रयागबाईनं टोपलं माणिकरावाच्या डोक्यावर दिलं, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि कारंज्याच्या बाजारातला तो आवाज पूर्ण सोडला.

"ओ डायवर! ठराव झाला हाय इथला! माघारी घे गाडी!"

पुढे गेलेली गाडी थांबली. मागच्या खिडकीतून कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. आणि मग ती एस.टी., जी आत्ताच कुणाकडे न बघता निघून गेली होती, घरघर करत, हळूहळू, उलटी उलटी तिठ्यापर्यंत आली.